पुरून ठेवलेले धन

दिवाळी सरत आली की आमच्या बीड जिल्ह्यातील गावे ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेल्या जोड्या संसार गाडीत टाकून पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांची वाट धरतात. माझ्या हजेरीपटावरची नावे तशीच राहतात, पण त्या नावांपुढे ‘ओ’ म्हणणारे कोणी नसते. गेल्या वर्षी अशाच एका मुलाला मी थांबवून पाहिले. म्हटले, “हंगामी वसतिगृहात राहा. तू हुशार आहेस.”

तो म्हणाला, “नको गुरुजी. आमच्या डोक्यात नाही बसत ते. आम्ही कोयत्याचीच माणसं.”

हे त्याने दुःखाने सांगितले असते तर मी समजूत घातली असती. परंतु आज कोणता वार आहे हे सांगावे, तितक्या सहजपणे तो ते बोलला. मला उत्तर सुचले नाही, याचे कारण ते वाक्य माझ्या चांगल्या परिचयाचे होते.

माझे आजोबा निजामाच्या अमदानीत ख्रिस्ती झाले. त्यापूर्वी आमचे घर वेशीबाहेरचे होते, आणि त्यानंतरही ते वेशीबाहेरच राहिले. मी मॅट्रिकवर थांबलो, वस्तीशाळेत लागलो आणि रात्री कंदिलाशी कादंबरी लिहू लागलो. ती पुरी झाली तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली आणि नऊ वर्षे बाहेर काढली नाही. कोणी विचारले तर मी हसून म्हणे, “आपण कसले लेखक!” लोकांना हे उत्तर फार आवडे. माणूस नम्र आहे, असे ते म्हणत. मलाही तसेच वाटे. नम्रतेत एक सुख असते, आणि त्या सुखाचा संशय मला बरीच वर्षे आला नाही.

तो आला माझ्या आईमुळे. तिची हयात ऊस तोडण्यात गेली. म्हातारपणी ती अक्षर अक्षर लावून शुभवर्तमान वाचावयास शिकली. एका रविवारी घरच्या प्रार्थनेत तिच्या वाट्याला मत्तयाचा पंचविसावा अध्याय आला. धनी परदेशी जाताना चाकरांच्या हाती द्रव्य देतो. दोघे ते वाढवितात. तिसरा भिऊन जमिनीत पुरतो आणि धनी परतल्यावर जसेच्या तसे पुढे ठेवतो. धनी त्याच्यावर संतापतो. आई थांबली आणि मला म्हणाली, “लेका, ह्यानं पैका खाल्ला नव्हता, उडवला नव्हता. मग मालक कशापायी खवळला?” आणि मी तोंड उघडण्यापूर्वी तिनेच उत्तर दिले, “भ्याला म्हणून.”

पुढे मी एका टीकाग्रंथात वाचले की मूळ ग्रीक गोष्टीतील तालान्त म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ज्याला सर्वांत कमी मिळाले, त्याच्याही हाती जवळजवळ वीस वर्षांची मजुरी होती. ‘माझ्यापाशी काय आहे?’ असे म्हणण्याची सोयच या गोष्टीने ठेवलेली नाही. धनी त्या चाकराला, ‘तू थोर आहेस’ असे सांगत नाही. तो हिशेब मागतो. आणि ज्याला कुचकामी समजावयाचे, त्याच्याकडे कोणी हिशेब मागत नसते.

येथे एक आक्षेप निघतो, आणि तो खोटा नाही. ख्रिस्ती धर्म माणसाला पापी म्हणतो. आधीच खचलेल्याला पापी म्हणणे म्हणजे बुडत्याच्या गळ्यात धोंडा बांधणे नव्हे काय? मीही असे मानीत असे. परंतु पाप आणि हीनपणा यांत एक मोठे अंतर आहे. ‘मी चुकलो’ असे म्हणणारा, आपल्याला बरोबर वागता आले असते हे कबूल करतो. ‘मी असाच’ असे म्हणणारा ती शक्यताच पुसून टाकतो. शिवाय हीनपणाच्या उतरंडीत कोणीतरी वर आणि कोणीतरी खाली असतो; पापाच्या कबुलीत साऱ्यांची पंगत एकच. वेशीबाहेरच्या माणसाला ही पंगत किती मोलाची वाटली असेल, हे माझ्या आजोबांनी मला कधी शब्दांत सांगितले नाही.

या पंगतीत वरून उतरून बसणे कसे असते, ते लक्ष्मीबाई टिळकांनी सांगितले आहे. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. पुढे त्या पतीजवळ राहावयास आल्या, पण चूल आणि पाणी वेगळे ठेवून. ते सोवळे हळूहळू गळाले आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी टिळकांच्या मागे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुरे केले, आणि १९३४ पासून त्यांची ‘स्मृतिचित्रे’ पुस्तकरूपाने येऊ लागली. त्या पुस्तकात त्या स्वतःला जितक्या हसतात तितके मराठीत क्वचितच कोणी हसले असेल. पण त्या हसण्यात तुच्छता कोठेही नाही. आपली किंमत आपल्याला राखावयाची नाही, ती दुसऱ्या कोणाच्या हाती सुरक्षित आहे, अशी खात्री असलेला माणूसच स्वतःला असे हसू शकतो. माझे ‘आपण कसले लेखक’ आणि त्यांचे हसणे, दोन्ही वरवर नम्रच. एक भीतीचे होते, दुसरे मोकळेपणाचे.

विद्येने हे काम होत नाही काय? पंडिता रमाबाईंना १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. त्याच रमाबाईंना, स्त्रीला स्त्री म्हणून मोक्षाचा अधिकार नाही, हे शास्त्रांत वाचावे लागले. १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही आपल्याला धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी पुढे प्रांजळपणे लिहून ठेवले. नुसता धर्म बदलल्याने मन बदलत नाही, याची याहून मोठी साक्ष कोणती? आणि जेव्हा ते बदलले, तेव्हा केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी दुष्काळातून आणलेल्या, कोणालाही नकोशा झालेल्या मुलींचे नुसते लाड केले नाहीत. त्यांच्या हाती छापखान्यातील खिळे दिले. रमाबाईंनी भाषांतरिलेले बायबल त्या हातांनी छापले गेले.

आमच्या देवळांतही जाती शिरल्या, हे मी लपवीत नाही. स्वतः टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ वेगळा मांडला. आणि १९५६ साली लाखो माणसांनी नागपुरास मान वर केली ती बुद्धाच्या नावाने, हेही मी कृतज्ञतेने मानतो. हिशेब मागणारा धनी मला ज्या दाराने भेटला, ते दार मी सांगतो आहे, इतकेच.

तो मुलगा अखेर राहिला नाही. तो निघाला तेव्हा मी त्याला पुन्हा हुशार म्हटले नाही. एक वही दिली. म्हटले, “रोज किती टन भरला, उचलीतून किती फिटले, ते बापाच्या नावे लिही. परत आलास की मला हिशेब पाहिजे.”

चैत्रात तो आला. वही टेबलावर ठेवून उभा राहिला. मी बेरजा तपासल्या आणि दोन चुका दाखविल्या. त्याने मान खाली घातली नाही. “एक माझी असंल गुरुजी,” तो म्हणाला, “दुसरी तुमची हाये.”

आम्ही पुन्हा बेरीज केली. चूक माझीच होती.

त्या रात्री मी ट्रंक उघडली.