फेराचं शेवटचं टोक

तलासरीजवळच्या एका पाड्यावर एक मुलगा राहत होता. कॉलेजात असताना पाच हजार मीटरच्या शर्यतीत त्याला कुणी गाठू शकत नसे. पाड्यावरून कॉलेजला तो धावतच जाई. एसटी चुकायची म्हणून नव्हे, तिकिटाचे पैसे वाचायचे म्हणून. त्यानं पदकं आणली. आईनं ती कुडाच्या भिंतीला टांगली.

कॉलेज संपलं, शर्यतीही संपल्या. पोलीस भरतीत तो धावण्यात पहिला आला आणि लेखी परीक्षेत मागे पडला. मग डहाणूकडच्या एका चिकूच्या वाडीत कामाला जाऊ लागला.

वाटेवर एका म्हाताऱ्या तारपकऱ्याचं घर होतं. एकदा मुलगा पाणी प्यायला थांबला, तेव्हा म्हातारा तारपा दुरुस्त करत होता. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. फटी तो मेणानं बुजवत होता.

"बाबा, मी वाजवू?"

"दम आहे का?"

मुलगा हसला. "दमाचीच तर पदकं आहेत."

त्यानं फुंकलं. सूर निघाला, पण श्वास घेताच तुटला.

"धावताना तू श्वास घेतोस, मग सोडतोस," म्हातारा म्हणाला. "इथं घेतानाही सोडत राहायचं."

गालात हवा धरायची, ती नळीत ढकलत राहायची आणि त्याच वेळी नाकानं नवा श्वास ओढायचा. तारप्याभोवती नाचणाऱ्यांचा फेर रात्रभर चालतो. सूर तुटला तर पाय थांबतात. मुलगा पावसाळाभर पपईच्या पोकळ देठानं तांब्यातल्या पाण्यात बुडबुडे काढत बसला. आईला वाटलं, नोकरी न मिळाल्यानं पोराचं डोकं फिरलं.

भात कापून झालं. चांदण्यात पाड्यानं फेर धरला आणि म्हाताऱ्यानं तारपा मुलाच्या हाती दिला. घुंगरांची काठी जमिनीवर आपटली, पाय निघाले. मुलाच्या छातीत दम मावेना. त्यानं लय वाढवली. तरण्या पोरांना मजा आली. त्यानं आणखी वाढवली. टोकाला एक आजी आणि तिची नात होती. आधी त्यांचे हात सुटले, मग मधल्या बायांचे, मग पोरांचेही. मुलगा खळ्याच्या पार पलीकडे पोचला आणि मागे बघतो तर फेर नव्हताच. तो पहिला आला होता.

म्हातारा त्या रात्री काही बोलला नाही. सकाळी मुलाला घेऊन गंजाडला गेला. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं हे गाव. पूर्वी लग्नघराच्या भिंतीवरचा चौक बायकाच लिहीत. या माणसानं मात्र रोज चित्रं काढली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आता तिथल्या भिंतींवर फेर दिसतात. तशाच एका भिंतीपुढे म्हातारा थांबला. मधोमध तारपकरी, भोवती गुंडाळत गेलेली माणसांची रांग.

"यात पहिला कोण?"

मुलानं खूप वेळ बघितलं. "कळत नाही, बाबा."

"मग शेवटचा शोध."

रांगेच्या टोकाला एक लहान मूल होतं.

"तारपा त्याच्या पायांनी वाजवायचा," म्हातारा म्हणाला.

पुढं मुलगा नावाजलेला तारपकरी झाला. वाडीच्या रोजापेक्षा त्याला तारप्यावर जास्त मिळू लागलं. एकदा मुंबईच्या मोठ्या मंचावरून बोलावणं आलं. संयोजक म्हणाले, "पाच मिनिटं आहेत. जरा जोरात होऊ द्या."

फेराच्या टोकाला पाड्यावरची एक लहान पोर होती. एवढे दिवे तिनं कधी बघितले नव्हते. तिचे पाय अडखळू लागले. तारपकऱ्यानं लय उतरवली. तिचं पाऊल जुळलं, तेव्हा कुठं त्यानं चाल बदलली. संयोजक घड्याळ दाखवत राहिले. पाचाची बारा मिनिटं झाली.

पुढच्या वर्षी तिथून बोलावणं आलं नाही. तारपकऱ्याला ते आठवायलाही सवड नव्हती. पाड्यावर भात झोडून झालं होतं आणि रोज रात्री फेर होता.