शिक्षण की शिक्षा?

कायदा मोडणाऱ्यास शासन व्हावे, हे तत्त्व आम्हांस मान्य आहे. परंतु ज्याने कायदा मोडलाच नाही, ज्याला कडेवर घेऊन आईवडिलांनी सीमा ओलांडली, त्या बालकासही तेच शासन करावे काय? अमेरिकेत वैध कागदपत्रांविना वाढलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा प्रश्न कित्येक वर्षे लोंबकळत पडला आहे.

अशा मुलांना सरकारी शाळेत प्रवेश नाकारण्याची मुभा देणारा कायदा टेक्सास राज्याने १९७५ साली केला. १९८२ साली ‘प्लायलर विरुद्ध डो’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो घटनाबाह्य ठरविला. मातापित्यांच्या कृत्याचा भार मुलांवर टाकणे न्यायाला धरून नाही, हा त्या निकालाचा एक आधार होता.

शाळेचे दार असे उघडले. त्यापुढचे मात्र अर्धेच उघडे राहिले. महाविद्यालयीन शिक्षणासाठी संघराज्य सरकारचे साहाय्य या विद्यार्थ्यांना मिळत नाही. राज्यातील रहिवाशांइतकीच फी आकारण्याची सवलत २००१ साली टेक्सासनेच प्रथम दिली. संघराज्य सरकारने दावा लावल्यावर जून २०२५ मध्ये ती न्यायालयाच्या आदेशाने संपुष्टात आली. कायम वास्तव्याचा मार्ग देणारे ‘ड्रीम अ‍ॅक्ट’ विधेयक २००१ पासून वारंवार मांडले गेले. २०१० साली ते प्रतिनिधिगृहात संमत झाले. सिनेटमध्ये आवश्यक ६० मतांऐवजी ५५च पडली. २०१२ साली राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी आणलेल्या ‘डाका’ योजनेने हद्दपारी दोन-दोन वर्षांनी पुढे ढकलली जाते, नोकरी करता येते. कायदेशीर रहिवासी हा दर्जा काही मिळत नाही.

रीतसर रांगेत उभे राहणाऱ्यांवर अशा सवलतींनी अन्याय होतो, हा आक्षेप पोकळ नाही. संपन्न राष्ट्रांनी परक्यांचे यथाशक्ती स्वागत करावे, असे सांगणारी ख्रिस्तसभेची धर्मशिकवण आलेल्यांनी तेथील कायदे पाळावेत, असेही बजावते. पण रांगेतल्यांचे तरी काय होते? आपल्याकडून नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या कुटुंबांत ग्रीन कार्डाची प्रतीक्षा चालू असतानाच मूल २१ वर्षांचे झाले, तर आईवडिलांच्या व्हिसावर राहण्याचा त्याचा हक्क संपतो. म्हणजे नियम मोडणाऱ्याचे मूल आणि नियम पाळणाऱ्याचे मूल अखेर एकाच उंबरठ्यावर अडते.

पित्याच्या पापासाठी पुत्र दोषी ठरत नाही, ही शिकवण यहेज्केल संदेष्ट्याने बाबिलोनच्या बंदिवासात, परमुलखात राहणाऱ्या लोकांनाच दिली. पोप पायस बारावे यांनी १९५२ साली इजिप्तमध्ये आश्रय घेतलेले पवित्र कुटुंब हे सर्व निर्वासित कुटुंबांचा आदर्श मानले. बाळ येशूला योसेफाने सीमेपार नेले. ती वाट बाळाने निवडली नव्हती.

या मुलांना ‘माफी’ द्यावी की नाही, असा वाद तेथे चालतो. आमच्या मते तो शब्दच चुकीचा आहे. क्षमा अपराध्याला करायची असते. निरपराध्याला न्याय द्यावा लागतो. सीमा कशा राखाव्यात, हे प्रत्येक राष्ट्राने ठरवावे. मात्र आपल्याच शाळांतून शिकविलेल्या मुलाला परका म्हणताना त्याचा अपराध कोणता, हे त्या राष्ट्राने सांगितले पाहिजे.

परदेशी गेलेल्या आपल्या मुलाबाळांसाठी आपण मिस्साबलिदानात प्रार्थना करतो. त्या प्रार्थनेत ही मुलेही असावीत.