आम्ल, पण कुणापुढे?

उन्हाळा लागला की सातपुड्यातल्या पाड्यांवर कैऱ्या सोलून, चिरून वाळत पडतात आणि तो आमचूर धडगाव, मोलगी, तळोदा अशा बाजारांत विकायला येतो. त्याच्या आंबटपणामागे सायट्रिक आणि मॅलिक आम्ल आहे, हे तळोद्यातला नववीचा विद्यार्थी सांगू शकेल. ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ हा धडा त्याने वाचलेला असतो. आम्ल निळा लिटमस लाल करतं, पाण्यात हायड्रोजन आयन देतं. आम्लारी हायड्रॉक्साइड आयन देतात. दोन्ही एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होतं. चार-सहा तासिकांत उरकणारा हा मजकूर माणसाला इतका नेटका मांडायला कित्येक शतकं लागली. त्या वाटचालीत उत्तरं तर बदललीच, मूळ प्रश्नही बदलला. ‘आम्ल म्हणजे कोणता पदार्थ?’ इथून निघालेला विचार ‘हा पदार्थ कुणापुढे कसा वागतो?’ इथवर आला.

सुरुवात अर्थातच जिभेपासून झाली. पण जिभेच्या भाषेतही किती खोल जाता येतं, हे सुश्रुतसंहितेत दिसतं. सूत्रस्थानाचा अकरावा अध्याय शस्त्रकर्मात लागणारा दाहक क्षार कसा करावा हे सांगतो. (हा क्षार म्हणजे आजच्या धड्यातली अल्कली.) मोखा, कुडा, पळस अशा झाडांची राख करायची, सहापट पाण्यात कालवायची, एकवीस वेळा गाळायची आणि आटवायची. भाजलेले शिंपले, चुनखडी त्यात घातली की क्षार आणखी तिखट होतो. आजच्या शब्दांत, राखेतल्या पोटॅशियम कार्बोनेटशी चुन्याची अभिक्रिया होऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइड तयार होतं. साठवायचं कशात, तर लोखंडी भांड्यात. पळस आणि कुडा तळोद्याच्या डोक्यावरच्या डोंगरात आजही आहेत.

या पाककृतीपेक्षा पुढची शंका मोलाची आहे. क्षाराने भाजलेल्या जागी आंबट पदार्थ लावावा, असं ग्रंथ सांगतो आणि स्वतःलाच विचारतो: आंबटही उष्ण, क्षारही उष्ण, मग एकाने दुसरा शांत कसा होतो? उत्तर असं, की आंबटाशी संयोग झाला की क्षार आपला तीक्ष्णपणा सोडतो आणि मधुर होतो. उदासिनीकरणाचं हे स्पष्टीकरण चवीच्या भाषेत आहे, पण त्यात दोन पदार्थांचा एकमेकांवरचा परिणाम नेमका हेरला आहे. प्रफुल्लचंद्र रे यांनी 1902 साली हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा या क्षारविधीची आवर्जून दखल घेतली.

जीभ मात्र प्रत्येक पदार्थाला लावता येत नाही. रॉबर्ट बॉइलने 1664 मध्ये रंगांवरच्या पुस्तकात व्हायोलेट फुलांच्या पाकाची कसोटी मांडली: आम्लात लाल, अल्कलीत हिरवा. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालसर होतो, होळीला उकळलेल्या पळसफुलांच्या पिवळ्या पाण्यात चुना पडला की रंग केशरी होतो, हे आपल्या घरांनाही ठाऊक होतं. बॉइलने घरोघरीच्या अशा निरीक्षणाला कसोटीचा दर्जा दिला. पण रंग ओळख पटवतो, कारण सांगत नाही. निकोला लेमरीने 1675 मध्ये कल्पना लढवली, की आम्लाचे कण अणकुचीदार आणि अल्कलीचे सच्छिद्र असतात. टोकं भोकांत रुतली की दोघंही थंड. चित्र छान होतं, पुरावा काहीच नव्हता.

1754 मध्ये रुएल या फ्रेंच रसायनशिक्षकाने मांडणी सरळ केली. आम्लाशी संयोग पावून क्षार देणारे सगळे पदार्थ त्याने एका गटात आणले. सोडा, चुना, धातू, सगळेच आम्लारी ठरले. म्हणजे आम्लारीची ओळखच आम्लाच्या संदर्भात झाली. लाव्हाझिए मात्र पुन्हा पदार्थाकडे वळला. आम्लपणाचं मूळ प्राणवायूत आहे असं त्याने ठरवलं आणि ऑक्सिजन हे नावही त्यावरूनच दिलं. 1810 मध्ये हम्फ्री डेव्हीने दाखवलं की मिठापासून मिळणाऱ्या आम्लात, आजच्या हायड्रोक्लोरिक आम्लात, ऑक्सिजन मुळीच नाही. सिद्धांत कोसळला, नाव राहिलं. 1838 मध्ये लीबिगने बोट ठेवलं ते हायड्रोजनवर, तेही धातूला जागा करून देणाऱ्या हायड्रोजनवर. मिथेनमध्ये हायड्रोजन भरपूर असूनही ते आम्ल का नाही, याचा उलगडा या अटीत आहे.

शाळेतली व्याख्या स्वांटे अऱ्हेनियसची. क्षार पाण्यात विरघळताच विद्युतभारित कणांत फुटतात, हे त्याने 1884 च्या प्रबंधात मांडलं. उप्साला विद्यापीठाने त्याला जेमतेम श्रेणी दिली; 1903 मध्ये त्याच विचाराला नोबेल मिळालं. 1909 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सनने त्यावर पीएच मोजपट्टी उभारली. आपले शेतकरी माती परीक्षणाच्या कागदावर ‘सामू’ वाचतात तो हाच. सामू एकाने घसरला म्हणजे आम्लता दहापट वाढली.

तरीही अमोनिया अडून बसला. त्यात हायड्रॉक्साइड नाही आणि तरी तो आम्लारी. 1923 मध्ये ब्रॉन्स्टेड आणि लॉरी यांनी स्वतंत्रपणे मार्ग काढला: प्रोटॉन देतो तो आम्ल, घेतो तो आम्लारी. मग पाणी अमोनियापुढे आम्ल ठरतं आणि हायड्रोक्लोरिक आम्लापुढे आम्लारी. नायट्रिक आम्लासारखं जहाल आम्लही संहत सल्फ्युरिक आम्लापुढे प्रोटॉन घेतं, म्हणजे आम्लारीची भूमिका करतं. पदार्थावर कायमची चिठ्ठी लावायची सोय संपली.

तापीकाठच्या काळ्या जमिनीत हा मुद्दा पुस्तकाबाहेर येतो. सोडियम साचून जमीन चोपण झाली की सामू साडेआठच्या वर जातो, ओली असताना ती चिकट होते, वाळली की दगड. उपाय म्हणून जिप्सम टाकतात. धड्याचा नियम लावला तर इथे आम्ल हवं होतं. जिप्सम तर स्वतःच क्षार, जवळपास उदासीन. त्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांवरून सोडियमला हटवतं, कार्बोनेटला चुनखडीच्या रूपात खाली बसवतं, आणि उरलेलं सोडियम सल्फेट पाण्याबरोबर निघून जातं. निचरा नसेल तर टाकलेलं जिप्सम वाया. सामू उतरतो, पण आम्ल न घालता.

नववीत अऱ्हेनियस शिकवण्यात वावगं काही नाही. सुरुवात सोप्या पायरीवरूनच करावी. मात्र त्या व्याख्येचं साल सांगावं आणि ती कुठे अडली तेही. नुसती व्याख्या पाठ असलेल्या मुलाला चोपण शेतातलं जिप्सम पाहून धडा खोटा वाटेल. व्याख्या कशा बदलत गेल्या हे ज्याला ठाऊक आहे, तो विचारेल: इथे कोण कुणाशी काय देवाणघेवाण करतंय? शेताला उपयोग याच प्रश्नाचा आहे, आणि रसायनशास्त्रही याच प्रश्नाने पुढे सरकलं.