दुसऱ्याच्या पैशाचा सल्ला

जून महिना उजाडून महाविद्यालयांतील प्रवेशाची धांदल सुरू झाली, कीं आमच्या घरीं एका विशिष्ट प्रकारच्या पाहुण्यांची ये-जा सुरू होते. कधीं कोणी शेजारी येतो, कधीं एखादा जुना विद्यार्थी आपल्या मेहुण्यास घेऊन येतो, चहा होतो, पावसाच्या गोष्टी होतात, आणि मग उठतां उठतां मूळ गोष्ट निघते : "सर, मुलीला लॅपटॉप घ्यायचा आहे. कोणता घ्यावा ? आमचं आपलं पस्तीस-चाळीस हजारांपर्यंत जमेल." वास्तविक आम्ही शिकवितों तें तर्कशास्त्र व नीतिशास्त्र, यंत्रांच्या अंतरंगाचा आमचा अभ्यास केवळ हौशी माणसाचा. पण प्राध्यापक म्हटला म्हणजे त्यास भुईमुगाच्या भावापासून पासपोर्टाच्या अर्जापर्यंत सर्व कांहीं कळतें अशी आपल्या समाजाची समजूत आहे, आणि ती खोडून काढण्याइतका विनय आमच्या अंगीं अजून आलेला नाहीं. म्हणून आम्ही सल्ला देत आलों आहों. तो देण्याचा आम्हांस काय अधिकार, आणि तो देतांना आपण नेमकें काय करीत असतों, हा प्रश्न मात्र आमच्या मनांत फार उशिरां उभा राहिला. ज्या प्रसंगानें तो उभा राहिला तो आम्हांस भूषणावह नाहीं. यासाठीं तो आधींच सांगून टाकणें बरें.

२०२१ सालच्या जून महिन्यांतील गोष्ट. करोनाच्या सांथीमुळें महाविद्यालयें बंद होतीं व वर्ग पडद्यावर भरत होते. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आले. त्यांचें शिंपीकामाचें लहानसें दुकान आहे. मुलगी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षास गेलेली. आधींचें सबंध वर्ष तिनें आईच्या फोनवर, त्या वीतभर कांचेंत डोळे घालून, व्याख्यानें ऐकलीं होतीं. गृहस्थांजवळ ३५,००० रुपये होते आणि तसें त्यांनीं स्वच्छ सांगितलें. आम्हीं चारदोन यंत्रांची माहिती काढली, मान हालविली, आणि म्हणालों, "अहो, एवढा खर्च करतांच आहां, तर आणखी पंधरा हजार घाला. म्हणजे पांच वर्षें बघायला नको." त्यांनीं पतपेढींतून कर्ज काढलें आणि पंधरा हजार घातले.

दोन वर्षांनीं ते रस्त्यांत भेटले. मोठ्या आनंदानें म्हणाले, "सर, हप्ते मागच्याच महिन्यांत फिटले. वस्तु मात्र एक नंबर सांगितलीत तुम्ही." मुलीची चौकशी केली तेव्हां बोलण्याच्या ओघांत कळलें कीं, तिला टॅलीचा अभ्यासक्रम करावयाचा होता, पण हप्त्यांमुळें त्या वर्षीं फी जमली नाहीं, मग परीक्षा आल्या, मग एका दुकानांत हिशेबाचें काम मिळालें, आणि तो राहूनच गेला. हें त्यांनीं तक्रार म्हणून सांगितलें नाहीं. त्यांच्या मनांत त्या दोन गोष्टींचा कांहीं संबंध आहे असेंही दिसलें नाहीं. आमच्या मनांत मात्र तो तत्काळ जुळला. मुलीनें त्या यंत्रावर काय केलें ? व्याख्यानें ऐकलीं, टिपणें लिहिलीं, चार तक्ते मांडले. त्या यंत्राच्या अंगच्या बळापैकीं चौथा हिस्साही त्या घरांत कधीं कामास आला नाहीं. ते गृहस्थ रागावले असते तर आमचें एक वेळ समाधान झालें असतें; त्यांनीं आभार मानले, हें आम्हांस अजून बोंचतें.

येथें आणखी एक कबुली दिली पाहिजे. हा लेख आम्ही ज्या यंत्रावर लिहीत आहों तें २०१५ सालीं घेतलेलें आहे. मध्यंतरीं तें फार रेंगाळूं लागलें, तेव्हां आमच्या भाच्यानें त्यांतील फिरती हार्ड डिस्क काढून तिच्या जागीं एसएसडी बसविली, आणि तें पुनः तरुणासारखें धांवूं लागलें. म्हणजे पांच वर्षांच्या निर्धास्तपणासाठीं पंधरा हजार जास्त घाला, असा उपदेश ज्यानें केला तो स्वतः मात्र थोडक्या खर्चांत भागवून बसला होता. काटकसर आपल्या पैशाची करावी व दूरदृष्टि दुसऱ्याच्या पैशानें दाखवावी, हा मनुष्यस्वभाव दिसतो.

"आणखी थोडे घाला" हें वाक्य या व्यवहारांत प्रत्येकजण उच्चारतो. दुकानदार उच्चारतो, मुलीचा आतेभाऊ उच्चारतो, नीतिशास्त्राचा प्राध्यापकही उच्चारतो. त्यांत लबाडी असतेच असें नाहीं. उलट तें बहुधा खरें असतें, हीच त्यांतील मेख आहे. समजा, ३५,००० च्या यंत्रांत ८ जीबी रॅम आहे व ४०,००० च्यांत १६. मग पांच हजारांत दुप्पट मिळत असतां मागें राहणें वेडेपणाचें दिसतें. चाळिसांवर चढल्यावर कळतें कीं शेंचाळिसांत पडदा कितीतरी चांगला आहे, आणि शेंचाळिसांवरून बावन्न कांहीं फार दूर दिसत नाहींत. प्रत्येक पायरी तिच्या खालच्या पायरीशीं ताडून पाहिली तर शहाणपणाचीच ठरते. आणि तरी शेवटीं मनुष्य जेथें पोंचतो तेथें जाण्याचें त्यानें घरून निघतांना मुळींच ठरविलेलें नसतें. याचें कारण असें कीं, या शिडीवर तुलना होते ती एका यंत्राची दुसऱ्या यंत्राशीं. त्या पांच हजारांची तुलना ज्याच्याशीं व्हावयास पाहिजे तें दुकानांत मांडलेलेंच नसतें. तें घरीं असतें : आजीच्या चष्म्यांत, गळणाऱ्या पत्र्यांत, राहून गेलेल्या अभ्यासक्रमांत. सर्व पक्ष समोर आल्यावांचून निर्णय करूं नये असें आम्ही वर्गांत दरवर्षीं शिकवितों. पण दुकान ही अशी जागा आहे कीं तेथें निम्मे पक्ष दाराबाहेरच राहतात.

तर मग स्वस्तांतलें स्वस्त घ्यावें, गरज भागली म्हणजे झालें, असा उपदेश करावा काय ? हा उपदेश करणारेही पुष्कळ आहेत. आणि आमचा अनुभव असा कीं, ते बहुधा ज्यांचें सर्व कांहीं घेऊन झालें आहे असे असतात. गरज म्हणजे काय, हेंच तर ठरलेलें नाहीं. अॅडम स्मिथ यानें १७७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत या प्रश्नाचा मार्मिक विचार केला आहे. सुती नव्हे, तर जवसाच्या धाग्याच्या तागडी कापडाचा सदरा, ज्यास इंग्रज लिनन म्हणतात, तो जगण्यास आवश्यक नाहीं. प्राचीन ग्रीक व रोमन लोक त्यावांचून सुखानें राहत असावेत. पण स्मिथच्या काळच्या युरोपांत तो अंगांत नसेल तर साध्या अब्रूदार मजुरासही चारचौघांत येण्याची लाज वाटे. म्हणून तो आवश्यक वस्तूंतच धरावा, असें स्मिथ म्हणतो. ज्यावांचून जीव जातो तें तर आवश्यक आहेच. पण ज्यावांचून, समाजाच्या चालीमुळें, मान खालीं जाते तेंही आवश्यक होय. अर्थशास्त्राचा हा आद्य आचार्य, ज्यास लोक कोरड्या हिशेबांचा प्रवर्तक समजतात, त्यानें लाजेस हिशेबांत जागा दिली, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. आज शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचें प्रवेशपत्र, नोकरीची मुलाखत हीं सारीं संगणकाच्या वाटेनें जातात. शिंप्याच्या मुलीस लॅपटॉप हवासा वाटला तो छानछोकी म्हणून नव्हे, तो तिचा तागडी सदरा होता. मात्र सदरा आवश्यक आहे म्हणून त्यास जरीची किनारही आवश्यक ठरत नाहीं. आणि आम्हीं तिच्या बापाकडून घालविले ते पंधरा हजार किनारीचे होते.

गरिबास किती पुरे हें दुसऱ्यानें ठरविण्याचा एक प्रचंड प्रयोग आमच्याच डोळ्यांदेखत होऊन गेला. २००५ सालच्या जानेवारींत निकोलस नेग्रोपोंटी या अमेरिकन प्राध्यापकानें दावोस येथें जाहीर केलें कीं, जगांतील निर्धन मुलांसाठीं १०० डॉलरांचा लॅपटॉप तयार करावयाचा. यंत्र खरोखर कल्पकतेचें झालें : भर उन्हांत वाचतां येणारा पडदा, अत्यल्प वीज, मुलांची आदळआपट सोसणारा देह. परंतु १०० डॉलरांचा आंकडा कांहीं साधला नाहीं. २००७ सालीं तें यंत्र बाहेर पडलें तेव्हां त्याची किंमत १८८ डॉलरांच्या घरांत गेली होती. आपल्या केंद्र शासनानें २००६ सालींच त्या योजनेस नकार दिला होता. तरी २००७ सालीं रायगड जिल्ह्यांतील एका लहानशा खेड्यांतील शाळेंत तीं यंत्रें प्रयोगादाखल आलीं. त्या प्रयोगाच्या यशापयशाच्या वादांत आम्ही शिरत नाहीं. आम्हांस जाणवतें तें एवढेंच कीं, त्या शंभरांची मर्यादा कोणा आईबापाच्या तोंडून आलेली नव्हती. जो हातचें राखून सल्ला देतो आणि जो सढळ हातानें देतो, ते दोघेही घरवाल्यास विचारावयाचें विसरतात.

आमच्या महाविद्यालयांतील विज्ञान विभागाच्या एका तरुण सहकाऱ्यास आम्हीं ही सर्व मीमांसा ऐकविली. तो हंसला आणि म्हणाला, "सर, स्वस्त वस्तु दोनदां घ्यावी लागते, हें तुम्हीं धरलंच नाहीं." त्याचें म्हणणें खरें आहे. ४ जीबी रॅम मूळ फलकावरच डाखलेली व ६४ जीबीची साठवणही तशीच कायमची जखडलेली, अशीं कांहीं यंत्रें स्वस्तांत मिळतात. प्रणालीच्या दुरुस्त्या दोनचार वेळां उतरल्या कीं त्यांत पाय ठेवण्यास जागा उरत नाहीं, आणि वाढवूं म्हटलें तर वाढवितां येत नाहीं. असें यंत्र गरिबाच्या गळ्यांत बांधणें ही काटकसर नव्हे. तेव्हां त्याच्याशीं पुष्कळ वाद घालून आम्हीं एक भेद मान्य केला. जें मागाहून बदलतां येत नाहीं, म्हणजे प्रोसेसर, डाखलेली रॅम, पडदा, कळफलक, त्यासाठीं थोडी पदरमोड क्षम्य आहे. जें मागाहून घालतां येतें त्यासाठीं आज ऋण काढणें क्षम्य नाहीं. लेखन, हिशेब, व्याख्यानें एवढेंच काम असेल तर ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी आणि कोअर आय-थ्री किंवा रायझन थ्री जातीचा अलीकडचा प्रोसेसर हें पुरतें. मात्र रॅम वाढविण्याची खांच रिकामी आहे ना, हें पाहून घ्यावें. स्थापत्याचे आराखडे किंवा चलच्चित्रांचें संकलन करावयाचें असेल तर गोष्ट निराळी. तेथें काटकसरीचा आग्रह म्हणजे सुताराच्या पोरास बोथट पटाशी देणें होय.

कंपन्यांच्या कचेऱ्यांतून तीनचार वर्षांनीं निघालेलीं व दुरुस्त करून विकलीं जाणारीं यंत्रें, जीं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्यें मिळतात, त्यांविषयीं आपल्या मध्यमवर्गांत उगाच अढी आहे. जुनें घर चालतें, जुनी सायकल चालते, पण लॅपटॉप नवाच पाहिजे ! वस्तुतः त्यांची बांधणी पुष्कळदां नव्या स्वस्त यंत्रांहून दणकट असते. एक गोष्ट मात्र तपासावी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारणपणें आठव्या पिढीचा किंवा त्यापुढील लागतो. आमचें यंत्र या नियमानें बाद झालें. डोळे शाबूत, हातपाय शाबूत, आणि तरी फर्मान निघालें म्हणून मृत ! भाच्यानें त्यावर उबुंटू ही मोफत प्रणाली चढविली, लिहिण्यास लिबरऑफिस दिलें, आणि मृताचें काम बिनतक्रार चाललें आहे.

आणि "बिनव्याजी हप्ता" ! २०१३ सालच्या सप्टेंबरांत खुद्द रिझर्व्ह बँकेनें बँकांस बजावलें होतें कीं, शून्य टक्के व्याज अशी वस्तु मुळीं अस्तित्वांतच नसते. तरी पाटी अजून झळकत असते, आणि व्याज कोठें सवलत बुडाल्याच्या रूपानें तर कोठें प्रक्रिया-शुल्काच्या रूपानें निघतेंच.

हें सर्व शिकून शहाणे झाल्यावर, आम्हीं मनाशीं नियम केला कीं, यापुढें यंत्राचें सांगण्यापूर्वीं घरचें विचारावें. गेल्या जूनमध्यें एक वडील आले. चाळीस हजारांची मर्यादा. मुलगा कला शाखेचा. आम्हीं मोठ्या आस्थेनें विचारलें, "या पैशांवर घरांत आणखी कशाचा हक्क आहे का ? कांहीं अडून राहिलेलं ?" त्यांचा चेहरा एकदम बदलला. शांतपणें म्हणाले, "सर, तें आमचं आम्ही बघूं. तुम्ही मशिनचं सांगा."

त्यांचें बरोबर होतें. मर्यादा सांगतांना त्यांनीं तो हिशेब घरीं करूनच आणलेला होता. चाळीस हजार हा आंकडा म्हणजे त्या हिशेबाचें उत्तर होतें, आणि आम्ही पुनः गणित मांडावयास निघालों होतों. आम्हीं क्षमा मागितली. मग दोन यंत्रें सांगितलीं, एक ३४,००० चें, एक ३९,००० चें. आणि प्रत्येकानें काय काय होणार नाहीं तेवढें स्पष्ट केलें. "आणखी थोडे घाला" हें वाक्य दोनदां जिभेवर आलें, तें चहाबरोबर गिळलें. त्यांनीं एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर सर्व नीट लिहून घेतलें.

आठ दिवसांनीं ते पेढे घेऊन आले. त्यांनीं तिसराच लॅपटॉप घेतला होता. किंमत ३८,५००, रंग निळा, मुलास आवडला म्हणून. आम्हीं तो उघडून पाहिला, आणि सवयीप्रमाणें पहिल्यानें रॅमची खांच रिकामी आहे कीं नाहीं तें विचारलें. होती.