मार्फत, मा. जिल्हाधिकारी

आमच्या परभणीत सरकारला लिहिलेल्या पत्राला पत्र म्हणत नाहीत, निवेदन म्हणतात. वर ‘प्रति, मा. राज्यपाल महोदय, मुंबई’. त्याखाली ‘मार्फत, मा. जिल्हाधिकारी साहेब, परभणी’. विषय एका ओळीत, मजकूर दीड पानाचा, शेवटी लोकशाही मार्गाने आंदोलन छेडण्याचा इशारा आणि मग सह्या. आवक विभागात दुसऱ्या प्रतीवर शिक्का पडला की माणूस ती पोच घडी करून खिशात ठेवतो. उत्तराची त्याला फारशी आशा नसते, पण पोच तो वर्षानुवर्षे जपतो.

2019 च्या ऑक्टोबरअखेरीस याच वाटेने गेलेले एक पत्र सगळ्या महाराष्ट्रात गाजले. शेजारच्या बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांना लिहिले: अवकाळीने पिके गेली, आणि युतीत मुख्यमंत्रिपदाचा तिढा काही सुटत नाही, तर तो सुटेपर्यंत मुख्यमंत्रिपद माझ्याकडे द्या. लोक हसले. मला मात्र त्यात कायद्याची जाण दिसली. मुख्यमंत्री नेमणे हे राज्यपालांचेच काम, तेव्हा पत्ता बरोबर होता. जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत पाठवले, म्हणजे रस्ताही बरोबर. आमदार नसलेल्या माणसालाही सहा महिने त्या खुर्चीवर बसता येते. त्याच्याकडे बहुमत नव्हते एवढेच. पण एकमेकांचा हात धरल्याशिवाय ते तेव्हा कुणाकडेच नव्हते.

पुढे 12 नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट आली. चार दिवसांनी राजभवनातून मदत जाहीर झाली: खरीप पिकांना हेक्टरी 8 हजार, फळबागांना 18 हजार, मर्यादा दोन हेक्टरची. रक्कम तुटपुंजी होती. भिजलेल्या सोयाबीनला कोंब फुटलेले ज्याने पाहिले, त्याला ती किती तुटपुंजी हे सांगायला नको. पण त्या दिवसांत राज्यपाल हेच सरकार होते आणि आपण कुणाला लिहितो आहोत याबद्दल कुणाच्या मनात गोंधळ नव्हता. गोंधळ 23 नोव्हेंबरच्या पहाटेच्या शपथविधीने सुरू झाला. त्यानंतर राजभवनाकडे पाहताना प्रत्येकाने आपापल्या पक्षाचा चष्मा घातला.

राजभवन आणि सरकार यांच्यातल्या वादावर रकानेच्या रकाने लिहिले गेले, ते बहुतेक मुंबईतून. पुढे सत्तेवर आलेल्या महाविकास आघाडी सरकारने 6 नोव्हेंबर 2020 ला विधान परिषदेवर राज्यपालांनी नेमण्यासाठी बारा नावे पाठवली आणि राज्यपाल गप्प बसले. होकार नाही, नकार नाही. 13 ऑगस्ट 2021 ला मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की राज्यपालांना आदेश देता येत नाही, पण निर्णय वाजवी काळात कळवणे हे त्यांचे कर्तव्य आहे आणि आठ महिने हा वाजवी काळ वाटत नाही. निवेदनाच्या भाषेत बोलायचे तर, सरकारलाही राजभवनाकडून साधी पोच मिळत नव्हती.

मराठवाड्याच्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट त्याआधीच घडून गेली होती. संविधानाच्या अनुच्छेद 371(2) नुसार महाराष्ट्राच्या राज्यपालांवर एक विशेष जबाबदारी टाकता येते: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळे आणि निधीचे न्याय्य वाटप. मंडळे 1994 मध्ये झाली. तेव्हाचा राज्याचा अनुशेष सुमारे 14 हजार कोटींचा होता आणि त्यात मराठवाड्याचे 4 हजार कोटी होते. म्हणजे परभणीचा माणूस राज्यपालांना लिहितो तेव्हा तो दयेचा अर्ज करत नाही. संविधानाने दिलेल्या पत्त्यावर लिहितो. (1950 ते 1956 या काळात आमचे राजप्रमुख, म्हणजे राज्यपालांच्या जागी, खुद्द निजाम होते. ज्याच्या राजवटीविरुद्ध लढलो त्यालाच त्या गादीवर पाहिलेल्या प्रदेशाला पद आणि माणूस यांतला फरक वेगळा शिकवावा लागत नाही.)

ती मोठी गोष्ट अशी: मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली आणि सरकारने ती वाढवली नाही. 1 मार्च 2021 ला तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार विधानसभेत उघडपणे म्हणाले की बारा नावे जाहीर होतील त्या दिवशी मंडळेही जाहीर करू. विरोधकांनी गदारोळ केला आणि तो योग्यच होता. पण राज्यपालांचे मौन ज्यांना खटकत नव्हते, त्यांना मंडळांची अडवणूक खटकावी, हेही गमतीचेच. मला यात दोन्ही बाजू सारख्याच दोषी वाटत नाहीत. मौनाने सुरुवात राजभवनाने केली. सरकारने त्याची किंमत ज्यांचा त्या वादाशी संबंध नव्हता त्यांच्याकडून वसूल केली. हे दुसरे मला जास्त लागते, कदाचित मी इथे राहतो म्हणून.

ऑगस्ट 2021 मध्ये कोश्यारी नांदेड, हिंगोली, परभणीच्या दौऱ्यावर निघाले. परभणीतल्या कृषी विद्यापीठाचे ते कुलपती, तेव्हा येण्यात वावगे काही नव्हते. मंत्रिमंडळाचा आक्षेप होता तो जिल्हाधिकाऱ्यांसोबतच्या आढावा बैठकांना: राज्यात दोन सत्ताकेंद्रे नकोत. तत्त्व म्हणून मला हा आक्षेप पटतो. निवडून आलेले सरकार असताना राज्यपालांनी कारभाराचा आढावा घेऊ नये. त्याआधीच्या वर्षी त्यांच्यावरच्या पुस्तकाला ‘जनराज्यपाल’ असे नाव होते आणि असा शब्द संविधानात सापडत नाही, हे शरद पवारांनी पत्र लिहून कळवले होते. ते पत्र खोचक होते, पण मुद्दा खरा होता. फक्त एक गोष्ट या भांडणात कुणी बोलले नाही. राज्यपालांनी जिल्हाधिकाऱ्यांशी बोलावे की नाही यावर मुंबईत खल चालू असताना, आमची निवेदने त्याच जिल्हाधिकाऱ्यांमार्फत त्याच राज्यपालांकडे जात होती. आणि तिथून अशी निवेदने ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा घेऊन पुष्कळदा परत जिल्ह्यालाच येतात.

सप्टेंबर 2022 मध्ये, सत्तांतरानंतर, नव्या मंत्रिमंडळाने मंडळे पुन्हा स्थापण्याचा निर्णय घेतला आणि बारा नावांची जुनी यादी परत घेतली. यादी परत घ्यायला एक पत्र पुरले.

झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकात निवेदनाचा नमुना तयारच असतो. कोश्यारी गेले, रमेश बैस आले आणि गेले, मग सी. पी. राधाकृष्णन आले आणि तेही गेले. दुकानदाराला त्या नमुन्यात काही बदलावे लागले नाही, कारण त्यात राज्यपालांचे नाव कधी नव्हतेच. तो तारीख घालतो, विषय विचारतो आणि दोन प्रती काढतो. एक द्यायला, एक शिक्का घ्यायला.