भाकीत की इशारा?

पश्चिम आशियात युद्धाचा भडका उडाला की सातारा-सांगलीच्या मशिदींतही प्रश्न येतो: याजूज-माजूज ते हेच का? यहुदी धर्मग्रंथातील यहेज्केलच्या ३८ व ३९ व्या अध्यायांत मागोग देशाचा गोग उत्तरेकडून अनेक राष्ट्रांसह पवित्र भूमीवर चालून येईल व तेथेच नष्ट होईल, असे वर्णन आहे. पवित्र कुरआनही सूरह अल-कहफ व सूरह अल-अंबियामध्ये याजूज-माजूजचा उल्लेख करतो. मात्र काळवेळ सांगत नाही.

जे सांगितले गेले नाही, ते माणसांनी आपापल्या भीतीने भरून काढले. पहिल्या शतकात जोसेफसने मागोग म्हणजे सिथियन ठरवले. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरला गोग उस्मानी तुर्कांत दिसला. शीतयुद्धात अनेक अमेरिकी धर्मोपदेशकांना सोव्हिएत रशियात. म्हणजे शत्रू आधी ठरला, भाकीत मागून जुळवले गेले.

मग ही वर्णने कशासाठी? सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी आपण जाणतो: ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. कोयनेतून पाणी सुटले की आपण तो आकडा पाहतो, तो जनावरे हलवण्यासाठी, वृद्धांना उंचावर नेण्यासाठी. शेजाऱ्याचे घर बुडणार म्हणून कोणी आनंद मानत नाही. कयामतीच्या निशाण्याही अशाच आहेत. त्या मला माझा हिशेब तपासायला सांगतात, दुसऱ्याच्या विनाशाची तारीख मोजायला नव्हे.

येथे खरा नैतिक धोका आहे. एखाद्या समाजाला ‘याजूज-माजूज’ म्हटले की त्याची मुले आपल्या दृष्टीने मुले राहत नाहीत. गाझातील मुलांच्या मृत्यूकडे भाकिताची पूर्तता म्हणून पाहणारा जितका निर्दय, तितकाच निर्दय सर्व यहुदींना एकाच मापाने मोजणारा. कोकणातून इस्राएलला गेलेली, घरात मराठी जपणारी बेने इस्रायल कुटुंबेही त्या मापात सापडतात. जुलमाला जुलूम म्हणायला भाकिताचा आधार लागत नाही. न्यायाची आज्ञा पुरेशी आहे.

ग्रंथधारकांच्या कथनाला परस्पर खरेही मानू नये, खोटेही ठरवू नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. कयामत कधी येणार, असे एकाने विचारले, तेव्हा त्यांनी उलट विचारले की तू तिच्यासाठी काय तयारी केली आहेस. हातात रोप असताना कयामत आली, तरी शक्य असल्यास ते लावावे, असेही त्यांनी शिकवले.

वेळेचे ज्ञान अल्लाहपाशी आहे. आपल्या हाती फक्त रोप आहे.