नामानाच्या घरची मुलगी

शास्त्रपाठ : २ राजे, अध्याय ५, ओव्या १ ते १४



अराम देशाचा सेनापती नामान हा मोठा पराक्रमी पुरुष होता. राजाचा त्याजवर लोभ, घरी सोनेनाणे, दारी घोडे व रथ. परंतु अंगावर कोड. त्याच्या दुखण्यास इलाज कोठे आहे हे त्यास ठाऊक नव्हते आणि त्याच्या राजासही ठाऊक नव्हते. ठाऊक होते ते त्याच्या घरातील एका लहान मुलीस. लढाईत धरून आणलेली, परक्या घरी चाकरी करणारी ती पोर. शास्त्राने तिचे नावसुद्धा दिलेले नाही. तिने आपल्या धनिणीस इतकेच सुचविले की, शोमरोनात परमेश्वराचा संदेष्टा आहे, धनी त्याजकडे जातील तर बरे होतील. तिच्या त्या शब्दावर सेनापतीचा लवाजमा निघाला. राजाने राजास पत्र लिहिले, आणि ज्यास लिहिले त्याने ते वाचून आपली वस्त्रे फाडली! दोन राजांस जे साधले नाही त्याची वाट एका दासीने दाखविली.

या पाठातून तीन गोष्टी आपण आज ध्यानात घेऊ, आणि त्यांचा पडताळा आपल्याच मुलखाजवळच्या एका कार्यात पाहू.

पहिली गोष्ट ही की, देव आपले ज्ञान पुष्कळदा लहानांच्या हाती ठेवितो.

मराठवाड्याच्या शिवेस लागून, अहिल्यानगर जिल्ह्यात (पूर्वीचे अहमदनगर) जामखेड नावाचे गाव आहे. तेथे १९७० साली डॉक्टर रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉक्टर मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य येऊन राहिले. रजनीकांत हे शिक्षक आईबापांचे पुत्र, खेड्यात वाढलेले. दोघांनी वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले. १९६० साली त्यांचा विवाह झाला, तेव्हाच खेड्यातील गोरगरिबांच्या सेवेत आयुष्य वेचण्याचा त्यांनी संकल्प केला. वडाळा येथील मिशन दवाखान्यात काम करिताना त्यांच्या ध्यानात आले की, आज बरे करून पाठविलेले मूल थोड्या महिन्यांनी पुन्हा त्याच दुखण्याने खाटेवर येते. घाण पाणी, अपुरे अन्न व अज्ञान ही मुळे गावात तशीच राहतात, आणि दवाखाना केवळ फांद्या छाटीत बसतो. मग ते अमेरिकेत जाऊन लोकारोग्याचे शिक्षण घेऊन आले. मोठ्या शहरात मान व पैसा दोन्ही त्यांस सहज मिळाले असते; परंतु त्यांनी दुष्काळी जामखेड निवडले.

प्रथम त्यांनी शिकलेल्या परिचारिका गावोगाव पाठविल्या. तो उपाय फळास आला नाही. परक्या गावी एकट्या मुलीने राहावे कसे, आणि घरच्या बायांनी तिच्यापाशी मन उघडे करावे कसे? तेव्हा गावानेच आपल्यातील एक बाई निवडावी असे ठरले. निवडून आलेल्या बाया बहुतेक निरक्षर, गरीब, कित्येक दलित जातींतील. त्यांच्या शिक्षणाचा आरंभ औषधांपासून झाला नाही. चारचौघांत उभे राहून न भिता आपले नाव सांगणे हाच त्यांस अवघड असा पहिला धडा होता. पुढे त्या आठवड्याच्या आठवड्यास जामखेडला येत, जातिभेद न मानता एकत्र राहत, एकत्र जेवीत, आणि पुस्तकावाचून, गाण्यांनी, गोष्टींनी व प्रत्यक्ष हाताने करून शिकत. स्वच्छ बाळंतपण कसे करावे, गर्भारणीने काय खावे, मुलाचे वजन कसे घ्यावे, अंगावरचा बधिर चट्टा कसा ओळखावा, या गोष्टी त्या शिकल्या. आरंभी गावाने त्यांचे ऐकले असे नाही. कालपर्यंत जिला दाराबाहेर उभी करीत, तिने आज घरात येऊन शहाणपण सांगावे हे पुष्कळांस रुचले नाही. परंतु ज्या घरची बाळंतीण वाचली त्या घराने दार उघडले.

त्याचे फळ काय आले? १९७१ साली त्या भागात जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी सुमारे १७६ मुले वर्षाच्या आत दगावत. पंचवीस वर्षांनी तो आकडा तिसाच्या खाली आला. बंधूंनो, हा नुसता हिशेब नव्हे. हजारामागे सुमारे दीडशे पाळणे जे रिकामे व्हावयाचे ते भरलेले राहिले.

दुसरी गोष्ट ही की, बरे व्हावयाचे तर खाली उतरावे लागते.

संदेष्ट्याने नामानास यार्देनेत सात वेळा स्नान करावयास सांगितले, तेव्हा त्यास राग आला. आपल्या दिमिष्काच्या नद्या काय वाईट आहेत, असे त्यास वाटले. त्याच्या चाकरांनी त्यास समजाविले की, अवघड काम सांगितले असते तर आपण केले असते, मग हे सोपे काम का करू नये? मनुष्यास मोठ्या उपायाचे वेड असते; लहान उपाय त्यास हलका वाटतो. हगवणीने मूल सुकू लागले की सुई द्या, सलाईन लावा, असा आग्रह होतो. परंतु एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजीत राहावे, इतक्या उपायाने असंख्य मुले वाचली आहेत. ही जणू आपल्या चुलीपाशीच वाहणारी यार्देन होय. मात्र मूल पिईनासे झाले, किंवा ग्लानीत गेले, तर विलंब न करिता दवाखाना गाठावा.

खाली उतरण्याचा आणखी एक अर्थ आहे. दुष्काळाच्या दिवसांत जामखेडच्या आसपास हातपंप बसवावयाचे ठरले, तेव्हा आरोळ्यांनी ते गावकुसाबाहेरच्या दलित वस्तीत बसतील अशी योजना केली. ज्यांस आजवर गावच्या विहिरीस हात लावू देत नसत, त्यांच्याच दारात पाणी आले, आणि वरच्या जातींच्या बायाही घागरी घेऊन तेथेच आल्या. तहानेने त्यांस तेथे आणिले, जसे दुखण्याने नामानास यार्देनेत उतरविले. जो गर्व सोडून पाण्याजवळ जातो तो शुद्ध होऊन परत येतो.

तिसरी गोष्ट ही की, जे कळले ते आपल्यापाशी कोंडून ठेवू नये.

त्या बंदिवान मुलीस गप्प बसावयास सबळ कारण होते. ज्यांनी आपले घर लुटले त्यांचे भले का करावे, असे ती म्हणू शकली असती. पण ती बोलली. दयेची हीच खूण आहे की, ती आपले व परके पाहत नाही.

जामखेडच्या आरोग्यसेविकांपैकी मुक्ताबाई पोळ यांस १९८८ साली अमेरिकेत वॉशिंग्टन येथे मोठ्या सभेत बोलण्यासाठी बोलाविले होते. त्या दालनात मोलाची झुंबरे झळकत होती. त्यांनी त्या झुंबरांकडे बोट दाखविले आणि दवाखान्यातील मोठ्या वैद्यांस त्यांची उपमा दिली. ती सुंदर खरी, पण ती पाहावयास फार दूरवर यावे लागते. मग स्वतःस त्यांनी लहानशा दिव्याची उपमा दिली. दिवा साधा, थोड्या मोलाचा. परंतु एका दिव्याने दुसरा दिवा लागतो, झुंबराने लागत नाही. विद्वानांच्या सभेत खेड्यातील एका बाईने हा उपदेश केला. आपल्यातील कोणी उपदेशक याहून चांगला उपदेश करील काय?

आरोळे दांपत्याने आपला दिवा असाच पुढे लाविला. १९७९ साली त्यांस मॅगसेसे पारितोषिक व १९९० साली पद्मभूषण मिळाले. पण त्यांचे खरे मानपत्र म्हणजे त्या शिकून उभ्या राहिलेल्या बाया. मेबलबाई १९९९ साली व रजनीकांत २०११ साली प्रभूकडे गेले. कार्य थांबले नाही, कारण ते दोघांच्याच हाती ठेविलेले नव्हते.

आता आपल्या नांदेड व लातूर जिल्ह्यांकडे पाहा. २००५ साली देशात ग्रामीण आरोग्याची मोठी योजना निघाली आणि गावातीलच एक बाई ‘आशा’ म्हणून नेमण्याची रीत पडली. किनवटच्या तांड्यांपासून निलंग्याच्या शिवारापर्यंत ही आशाताई उन्हातान्हात दारोदार फिरते. ती आपल्या दारी येते तेव्हा आपण तीस काय देतो? बसावयास जागा व पाण्याचा तांब्या, की हातानेच पुढे जा अशी खूण? तिची जात विचारून मग तिचे ऐकणारी घरे आपल्या मंडळ्यांतही असतील, तर आपण अजून नामानासारखे रथातच बसलो आहो.

उपदेशक बंधूंनो, तुम्हांकडे विशेष मागणे आहे. या आठवड्यात आपल्या मंडळीतील सर्वांत गप्प बसणारी जी बाई असेल, तिला उपासनेनंतर पुढे बोलवा. साखर-मिठाच्या पाण्याची रीत तिच्याकडून करवून घ्या आणि इतरांस तीच शिकवू द्या. प्रथम तिचा आवाज कापेल. लोक हसतील. तुम्ही हसू नका. नामानाच्या घरी त्या मुलीचे बोलणे कोणी ऐकून घेतले नसते, तर तो सेनापती आपल्या सोन्यानाण्यासह कोडाने झिजून मेला असता.

दयाळू प्रभू आपणांस लहानांचे ऐकणारे कान देवो, खाली उतरण्याचे धैर्य देवो, आणि प्रत्येक घरात दुसरा दिवा लावणारा एक दिवा तेवत ठेवो. आमेन.